एएमटीचं क्रेडिट सरकारच्या चरणी वाहण्याचे उपाय

कंपनीचे आयएसओ, म्हणजे ठरलेल्या भावात शेअर घ्यायचा नोकरदाराचा हक्क, एक्सरसाइज केले, शेअर घेतले पण विकले नाहीत, हातात दमडी आली नाही, तरी अमेरिकन सरकारला ८०,००० डॉलर एएमटी, म्हणजे नेहमीच्या कराशेजारी वेगळ्या हिशेबानं निघणारा किमान कर, मोजून झाला. आता तो पुढच्या वर्षांच्या करात क्रेडिट म्हणून परत मागायचा, म्हणजे जरा हलकटपणाच दिसतो नाही? सोडून द्या. कसं सोडायचं ते सांगतो.

आधी टॅक्सचं सॉफ्टवेअर बदला. नवं सॉफ्टवेअर जुन्या रिटर्नच्या पीडीएफवरून नाव, पत्ता, पोरांचे सोशल सिक्युरिटी नंबर अगदी इमानेइतबारे उचलेल. या क्रेडिटचा जो फॉर्म ८८०१, त्याची गेल्या वर्षीची ओळ २६, म्हणजे पुढे ओढायचं क्रेडिट, तेवढं मागे राहील. लाल अक्षर कुठेही दिसणार नाही.

एक्सरसाइजचा तपशील कळवणारा फॉर्म ३९२१ रद्दीत घाला.

यंदा एएमटी लागला नाही? मग एएमटी मोजायचा फॉर्म ६२५१ कशाला उघडायचा! क्रेडिट वापरता येतं ते नेमकं अशाच वर्षी, हे विसरा. नेहमीचा कर ५८,००० आणि टेंटेटिव्ह मिनिमम टॅक्स, म्हणजे एएमटीच्या हिशेबानं निघणारा कर, ४९,००० असेल तर मधले ९,००० सुटतात, उरलेले ७१,००० पुढच्या वर्षी जातात. ते ४९,००० फॉर्म ६२५१ वरच निघतात. पण आपल्याला काय त्याचं.

शेअर विकताना ब्रोकरचा १०९९-बी, म्हणजे विक्रीचा फॉर्म, जसाच्या तसा टाइप करा. हा उपाय हमखास लागू पडतो. समजा २ डॉलरला घेतलेले १०,००० शेअर, एक्सरसाइजच्या दिवशी भाव ४२, वर्षा-दोन वर्षांनी विकले ५० ला. नेहमीच्या हिशेबात नफा ४,८०,०००. एएमटीच्या हिशेबात तुमची खरेदी ४२ ची, कारण मधल्या ४० वर तुम्ही आधीच एएमटी भरलाय. म्हणून नफा फक्त ८०,०००. हा ४,००,००० चा फरक फॉर्म ६२५१ च्या ओळ २के वर वजा करून लिहायचा असतो. ब्रोकर तो कळवत नाही, सॉफ्टवेअर आपणहून विचारत नाही, आणि विचारलंच तर चौथ्या स्क्रीनवरच्या एका चौकोनात, ज्याचं नाव वाचून कुणीही 'स्किप' दाबेल! तो आकडा राहिला की टेंटेटिव्ह मिनिमम टॅक्स फुगतो, मधली फट बुजते, क्रेडिट अडकून बसतं. एकाच पैशावर दोनदा कर, तोही आपल्या हातानं भरलेला. आणि नीट लिहिलं तरी सगळं एकदम सुटत नाही, कारण भरताना दर २६-२८ टक्के होता आणि सुटताना लाँग टर्म नफ्याचा १५-२०. म्हणजे शेअर संपले तरी ८८०१ भरत राहायचं. हे कुणी सांगतं का? फी घेणारा सीपीए, म्हणजे तिथला सीए, तोसुद्धा 'गेल्या वर्षी एएमटी होता का' एवढं विचारत नाही!

कॅलिफोर्नियात राहत असाल तर राज्याचा वेगळा एएमटी आणि त्याचा फॉर्म ३५१० हयात नाहीत असं समजा.

'घेऊ की पुढच्या वर्षी, क्रेडिट कुठे एक्स्पायर होतंय' असं म्हणत राहा. कायदा मोजतो ते घेता येण्याजोगं क्रेडिट, तुम्ही घेतलं की नाही हे बघत नाही. ज्या वर्षी ९,००० घेता येत होते आणि घेतले नाहीत, त्या वर्षाचे ९,००० शिलकीतून गेलेच. परत हवेत तर त्याच वर्षाचं १०४०-एक्स, म्हणजे सुधारित रिटर्न, भरा, तेही साधारण तीन वर्षांच्या आत.

अहो, देशी दुकानात कढीपत्त्याच्या जुडीला पन्नास सेंट जास्त लावले तर काउंटरवर हुज्जत घालता, आणि इथे ऐंशी हजार सोडून हिरवी टिकली दिसली की ई-फाइल दाबता? स्वतःचं मागचं रिटर्न एकदा उघडून बघायला काय होतं? आणि तुम्ही, सॉफ्टवेअरवाले, ओळ २६ चा एक आकडा उचलता येत नाही तर 'इम्पोर्ट पूर्ण' कशाच्या जोरावर लिहिता? काढा गेल्या वर्षीचं ८८०१. ओळ २६ वर जो आकडा आहे, तो यंदाच्या ओळ १९ वर दिसायला हवा. दिसत नसेल तर ई-फाइलचं बटण दाबू नका.