गोसेखुर्दच्या भाऊंनी जेटला एक स्टार दिला, त्याचं उत्तर

नमस्कार भाऊ. तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. बोटीच्या 40 हॉर्सपॉवरच्या इंजिनाला पंख्याऐवजी जेट, म्हणजे पाणी मागे फेकून बोट ढकलणारं यंत्र, आमच्याकडून लावल्यापासून ते 25 सारखं ओढतं, पेट्रोल जास्त पितं, जलपर्णीत तुंबतं, आणि घाटाला लावताना बोट वळलीच नाही, पायरीवर आपटली, असं तुम्ही लिहिलंय. कोणाला लागलं नाही हे वाचून जीव भांड्यात पडला. आधी त्या आपटण्याबद्दल बोलतो. बाकीच्या तक्रारी पैशाच्या आहेत, ही जिवाची आहे.

पंख्याच्या बोटीवर घाट जवळ आला की आपण थ्रॉटल (रेस) सोडतो आणि हँडलवर बोट वळवतो. ते जमतं, कारण इंजिनाचा खालचा भाग पाण्यात खोल असतो आणि तोच सुकाणूसारखा पाणी कापतो. जेटमध्ये तसं खाली काही उतरलेलंच नसतं. इम्पेलर, म्हणजे जेटच्या आत फिरणारं पात्यांचं चाक, खालच्या जाळीतून पाणी ओढून मागे जोरात फेकतो, तो फवारा जिकडे वळेल तिकडे बोट वळते. थ्रॉटल सोडला की फवारा संपला. मग हँडल कितीही फिरवा, बोट सरळ घाटावरच जाणार. म्हणून वळेपर्यंत थोडा थ्रॉटल ठेवायचाच, आणि वेग लांबूनच कमी करत आणायचा. रिव्हर्स म्हणजे फवाऱ्यापुढे येणारं झाकण, पाणी पुढे वळवणारं. त्याची ओढ कमी असते, ऐनवेळी त्याच्या भरवशावर राहू नका. बोट देताना हे आम्ही नदीत चालवून दाखवलं होतं. पण त्या दिवशी हँडलवर भाचा होता असं तुम्हीच लिहिलंय. त्याला घेऊन या, मी स्वतः त्याच्यासोबत बसतो. पैसे लागणार नाहीत.

ताकदीचं म्हणाल तर जेटमध्ये साधारण 30 टक्के जातेच. कंपन्याही ते लपवत नाहीत. मर्क्युरी या इंजिन कंपनीचा 'जेट 40' हा 60 हॉर्सपॉवरच्या इंजिनावर बसतो. तुमच्या कोटेशनवरही हे लिहून दिलं होतं. त्यात बोट पाण्यावर उचलली गेली नाही, तर जेट नुसतं पेट्रोल जाळतं. मासे धरायची जाळी, बर्फाची पेटी आणि वर सहासात माणसं घेतली की 40 चं इंजिन तिला उचलणार कसं?

मग जेट लावायचं तरी कशाला? गोसेखुर्द धरणाखालच्या पात्रासाठी. उन्हाळ्यात वैनगंगा रेतीतून चार धारांनी वाहते, मध्येच खडक वर येतो, आणि पंखा गोट्यावर लागला की पातं गेलं. वेगात असलेली जेटची बोट तिथून वीतभर पाण्यावरूनही निघून जाते. न्यूझीलंडच्या हॅमिल्टन यांनी 1950 च्या दशकात असल्याच गोटेभरल्या उथळ नद्यांसाठी जेटबोट घडवली. तुम्हीही तेव्हा पवनीच्या खाली वडसाकडे मासेमारीला जायचं म्हणालात, म्हणून मी हो म्हटलं. आता बोट धरणामागच्या बॅकवॉटरमध्ये चालते असं रिव्ह्यूवरून दिसतं. तिथे पाणी खोल आणि वर जलपर्णीचा गालिचा. तिथल्यासाठी विचारलं असतं तर जेट विकलंच नसतं.

तरी अडकलात तर एक लक्षात ठेवा. पंख्याला रिव्हर्स मारून गवत उडवायची आपल्याला सवय असते. जेटमध्ये झाकण खाली आलं तरी इम्पेलर त्याच दिशेने फिरत राहतो, जलपर्णी आणखी आत ओढतो. इंजिन बंद करा, बरीचशी आपोआप सुटते. उरलेली हाताने काढा, पण इंजिन पूर्ण बंद करून, किल्ली खिशात टाकून. चालू इंजिनाखाली हात घालणारी पोरं पाहिली की माझ्या पोटात गोळा येतो.

पुढचं तुम्ही ठरवा. वर्षभर बॅकवॉटरमध्येच राहणार असाल तर तुमचा जुना गिअरकेस (इंजिनाचा पाण्यात उतरणारा खालचा भाग) आणि पंखा आमच्याकडे जपून ठेवलाय. तो परत बसवून देतो, इंजिन उंच करायला मागे लावलेली फळीही काढावी लागेल. मजुरी घेणार नाही. जेट परत घेताना त्याचा भाव झीज बघून ठरवू. नदीत जाणार असाल तर जेट राहू द्या, फक्त रोज संध्याकाळी बेअरिंगला ग्रीस द्या. रेती इम्पेलरची कड खाते, आणि कड व आवरण यांच्यातली फट जेमतेम मिलीमीटरभर असावी लागते. ती वाढली की ओढ आणखी कमी होते. तुमच्या बोटीचं तेही झालं असेल, म्हणून येताना जेटची जाळी आणि आतलं काही साफ करू नका, जसं आहे तसंच आणा. सोमवार सोडून कधीही या.