दोन नेट, खांब एक

घरात एकच नेट असले की ते बंद पडल्यावर सगळे तुमच्या तोंडाकडे बघतात. दोन असली की दोन्ही बंद पडल्यावरच बघतात. तेवढाच मान वाढतो, म्हणून दुसरे नेट घ्याच. पण घेताना एक पथ्य पाळा: पहिले ज्या कारणाने बंद पडते, त्याच कारणाने दुसरेही बंद पडले पाहिजे. नाहीतर ऑफिसला सांगायला सबब उरत नाही, आणि पोरांना अभ्यास टाळायलाही.

सुरुवात खांबापासून करा. गल्लीच्या तोंडाला जो विजेचा खांब आहे, ज्यावर काळ्या वायरींची वेटोळी पागोट्यासारखी बांधलेली असतात, तिथूनच तुमची पहिली फायबर आलेली असणार. दुसऱ्या कंपनीचीही तिथूनच घ्या. कंपनी वेगळी, बिल वेगळे, फायबरच्या टोकाला बसतो तो डबा एक काळा नि एक पांढरा. वायर मात्र त्याच खांबावरून, त्याच नारळाच्या झावळीला घासत, खिडकीच्या त्याच भोकातून आत. बऱ्याच गल्ल्यांत दोन्ही कंपन्यांचे काम एकच केबलवाला बघतो, त्यामुळे तक्रारीचा फोनही एकदाच करावा लागतो. “तुमची लाईन कुठल्या रस्त्याने येते, नि वर कुणाकडून घेता?” असले प्रश्न त्याला चुकूनही विचारू नका. खरे उत्तर मिळाले तर वेगळ्या खांबावरचा, वेगळ्या रस्त्याने येणारा माणूस शोधावा लागेल, आणि उगाच दगदग होईल.

मग मे महिन्यात वळवाचा वारा सुटला आणि फांदी पडली की दोन्ही वायरी जोडीने जातात. गटाराच्या कामाला आलेला जेसीबी एकाच दातात दोन्ही उचलतो. गणपतीच्या मिरवणुकीत मूर्तीला वाट करून देताना पोरे बांबूने वायरींचा जुडगा वर ढकलतात. त्यात तुमची कुठली नि शेजाऱ्याची कुठली हे बांबूला कळत नाही. फोन लावला की पलीकडून उत्तर येते, “नाळे बर्तीवि री”, म्हणजे उद्या येतो. भुताने परत जावे म्हणून कर्नाटकात एके काळी दारावर “नाळे बा”, म्हणजे उद्या ये, असे लिहून ठेवत. केबलवाल्याने तो मंत्र नुसता उलटा करून घेतला आहे.

घरातल्या घरातही बरेच करता येते. फायबरचा बारीक दोर खिडकीच्या चौकटीवर खिळ्याभोवती काटकोनात वळवा आणि वर टीव्हीचे टेबल टेकवा. आतली काच केसाएवढी असते. फार आवळ वळण दिले की उजेड बाहेर सांडतो, आणि डब्यापर्यंत पोचणारा सिग्नल उणे २० वरून उणे २७ डीबीएमकडे (हे उजेडाचे माप; उणे जितके मोठे तितका उजेड कमी) घसरतो. त्याखाली गेला की ‘लॉस’ लिहिलेला लाल दिवा लुकलुकायला लागतो. डब्याच्या सेटिंगच्या पानावर हा आकडा दिसतो, पण तो बघायचा नाही. आकडा आधीच उणे २६ असेल तर पहिल्या पावसातच जोड दगा देणार हे कळेल, आणि केबलवाल्याला उन्हाळ्यातच बोलवावे लागेल.

आता करंट. लाईट गेली की नेट जाते, म्हणून लोक इन्व्हर्टर घेतात. इन्व्हर्टरची लाईन मात्र पंख्याला आणि ट्यूबला टाकलेली असते. टीव्हीमागचा सॉकेट, ज्यात नेटचा डबा बसलेला आहे, तो सरळ मेनवर. वायरमनला बोलावून तेवढा सॉकेट बदलून घेणे अर्ध्या तासाचे काम आहे, म्हणूनच ते वर्षानुवर्षे राहते. बदललाच, तर इन्व्हर्टरच्या पाठीमागचे बटण ‘यूपीएस’वर न ठेवता ‘इको’वर ठेवा. लाईट जाताना ‘इको’वर करंटला क्षणभर खंड पडतो. पंख्याला त्याने काही होत नाही. डबा मात्र बंद होऊन नव्याने सुरू होतो आणि लाईन धरायला दोन-तीन मिनिटे घेतो. मीटिंगमध्ये नेमकी तुमची पाळी यायला तेवढा वेळ पुष्कळ.

याहून नामी वस्तू म्हणजे राऊटरचा छोटा यूपीएस. खोक्यावर ‘१०,००० एमएएच’ असे ठळक छापलेले असते. ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे असते हे विसरा. गुणाकार केलात तर ३७ वॅट-तास येतील. १२ व्होल्ट करताना थोडे गळून ३० हाती लागतील. फायबरचा डबा आणि वायफायचा राऊटर मिळून १० वॅट खात असतील तर झाले तीन तास. खोक्यावरचे ‘आठ तास’ म्हणजे मनातले मांडे. बेळगावात खरे मांडे मिळत असताना हे खायची गरज नव्हती, पण असो.

यूपीएस जोडताना फक्त वायफायच्या राऊटरला जोडा, फायबरच्या डब्याला नको. मग लाईट गेल्यावर मोबाईलवर वायफायच्या सगळ्या कांड्या भरलेल्या दिसतात आणि पान मात्र एकही उघडत नाही. पाहुण्यांना वाटते नेट आहे, तुम्हाला वाटते कंपनीचा घोळ आहे, आणि घरातला एखादा कॉलेजचा पोरगा तासभर पासवर्ड बदलत बसतो. पिनेचेही बघू नका: ५.५ बाय २.१ आणि ५.५ बाय २.५ मिलिमीटर बाहेरून जुळ्या भावंडांसारख्या दिसतात. चुकीची बसवली की एक तर आत जात नाही, नाहीतर ढिली राहते आणि झाडू लागला की नेट जाते. ९ व्होल्टच्या डब्याला १२ व्होल्ट द्यायचे असतील तर मात्र दुसऱ्या डब्याचे पैसे आधी बाजूला काढून ठेवा.

एवढे करूनही गल्लीतल्या एखाद्या गच्चीवर केबलवाल्याचा स्विच, म्हणजे गल्लीला नेट वाटून देणारा डबा, असेल आणि त्याची बॅटरी फुगलेली असेल, तर तुमचा यूपीएस समईसारखा एकटाच जळत राहतो.

फायबरचा कंटाळा आला असेल तर सिमवर या. सीमाभागात सिमची मजा और आहे. सीमेचा दावा सुप्रीम कोर्टात २००४ पासून आहे. मोबाईलचा टॉवर मात्र रोज संध्याकाळी आपला निकाल देऊन मोकळा होतो. निपाणी सोडून कोगनोळी नाक्याकडे सरका, किंवा वेंगुर्ला रस्त्याने शिनोळीच्या अंगाला जा. कर्नाटकाचे सिम महाराष्ट्राच्या टॉवरवर जाऊन बसते. मोबाईल कंपन्यांच्या हिशेबात ही दोन वेगळी सर्कल आहेत, म्हणजे सिम झाले रोमिंगवर. मोबाईलला ते निभते. तुम्ही सिमचा ४जी राऊटर घेतला असेल तर त्यात ‘डेटा रोमिंग’ बहुतेक बंदच आलेले असते. ते तसेच राहू द्या. राऊटरने पलीकडचा टॉवर पकडला की सिग्नल भरपूर, नेट शून्य. आणि तुम्ही दुकानदाराला धारेवर धरायला मोकळे. सेटिंगमध्ये जाऊन तो एक टिचका मारणे, किंवा टॉवर हाताने निवडून ठेवणे, हे कमीपणाचे आहे.

राऊटर ठेवायची जागाही ठरलेली: लोखंडी कपाटावर, घराच्या मधल्या खोलीत. टॉवरकडच्या खिडकीत ठेवलात तर टॉवरच्या सिग्नलची ताकद सांगणारा आरएसआरपी नावाचा आकडा उणे ११२ वरून उणे ९५ वर येईल, आणि मग बाहेरची अँटेना घ्यायला निमित्त राहणार नाही. सिम कंपनीही फायबरचीच घ्या, म्हणजे कंपनीचे मोठे जाळे पडले की दोन्ही एकदम पडतात. आणि त्या सिमवर रिचार्ज कशाला? ९० दिवस वापरले नाही आणि शिल्लक २० रुपयांखाली असली की कंपनी ते बंद करू शकते. खानापूर-जांबोटीच्या पावसात फायबर तुटेल तेव्हा सिमचे डबीतले प्लास्टिक तेवढे हाताशी असेल.

हौशी लोकांसाठी दोन नेट घेणारा राऊटर मिळतो. एक पडले की तो आपोआप दुसऱ्यावर जातो, असे म्हणतात. तो कसा ओळखतो, हे बघायचे नाही. बऱ्याच राऊटरांत मुळात फक्त वायर जोडलेली आहे का एवढेच तपासले जाते. बाहेर फायबर तुटली तरी डब्यापासून राऊटरपर्यंतची हातभर वायर जोडलेलीच असते, त्यामुळे राऊटर ‘सगळे छान’ म्हणत मेलेल्या लाईनला बिलगून बसतो. बाहेर इंटरनेटवरचा पत्ता, ८.८.८.८ किंवा १.१.१.१, दर पाच-दहा सेकंदांनी हाक मारून बघ, तीनदा ओ आली नाही की बदल, असे त्याला सांगता येते. सांगू नका. दोन्ही डबे १९२.१६८.१.१ याच पत्त्यावर ठेवा, म्हणजे राऊटरलाही आपण कुठल्या दारात उभे आहोत ते कळणार नाही.

चुकून हे सगळे नीट बसलेच आणि राऊटर सिमवर गेला, तर टीव्ही चालू ठेवा. एचडी मालिका तासाला ३ जीबीपर्यंत खाते. मोबाईल आपले फोटो वर चढवतात, दारातला कॅमेरा आपला भाग घेतो. रोजचे २ जीबी पाऊण तासात संपतात आणि वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्यात ऑफिसची एक मेल उघडेपर्यंत कुकरच्या चार शिट्ट्या होतात.

चाचणीचे एवढे लक्षात ठेवा: ती करायची नाही. घरच्यांसमोर करावीच लागली तर पहिल्या डब्याचा अ‍ॅडॉप्टर काढून दाखवा. मग वायरच मरते आणि कुठलाही राऊटर शहाण्यासारखा दुसऱ्या नेटवर जातो. फायबरचे हिरवे टोपण उपसून बघू नका. खरी परीक्षा त्यात होते.

आणि मागच्या गल्लीतल्या काकूंकडे तर जाऊच नका. त्यांची वायर दुसऱ्या खांबावरून येते, त्यांची वीज दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरवरची. तुमच्याकडे अंधार असतो तेव्हा त्यांच्या खिडकीत मालिका चालू असते. परसातल्या भिंतीवरून वीस मीटर वायर टाकली तर दोन्ही घरांचे भागेल. पण मग चहा घ्यावा लागेल, कुंदा न्यावा लागेल, आणि त्यांचे नेट जाईल त्या दिवशी “काय ओ, तुमचं चालू हाय न्हवं?” या प्रश्नाला खरे उत्तर द्यावे लागेल.