एकच डोस, पण अर्धवट नाही

‘तिकडे दोन-दोन, तीन-तीन डोस आणि आमच्या पोरींना एकावर भागवणार?’ गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही या विषाणूवरच्या लसीचा विषय निघाला की सांगली-साताऱ्याकडून इंग्लंडमधल्या आम्हा लोकांना हा प्रश्न हमखास येतो. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२३ पासून शाळेत एकच डोस देतात, मुलींना आणि मुलांनाही. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना मात्र तीन.

या निर्णयामागचा एक मोठा पुरावा आपल्याच मुलखातला आहे. २००९ मध्ये भारतात दोन विरुद्ध तीन डोसांची चाचणी सुरू झाली. बार्शी आणि पुणे ही त्यातली केंद्रे. २०१० मध्ये आंध्र-गुजरातमधल्या वेगळ्याच प्रकल्पावरून वाद पेटला, सरकारने या चाचणीतलेही लसीकरण थांबवले आणि हजारो मुली एका डोसवर राहिल्या. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: विषाणूच्या १६ आणि १८ या प्रकारांचा संसर्ग शरीरात टिकून राहण्यापासून एका डोसचे संरक्षण सुमारे ९५ टक्के, म्हणजे दोन-तीन डोसांच्या तोडीचे. केनियातल्या चाचणीनेही तेच दाखवले.

हे जमते ते लसीच्या घडणीमुळे. विषाणूच्या कवचातले एल-१ हे प्रथिन यीस्टमध्ये तयार करतात. त्याचे ३६० रेणू आपसूक जुळून पोकळ कवच बनते. इतक्या दाट, एकसारख्या रचनेला शरीर जोरात प्रतिसाद देते. एका डोसनंतर प्रतिपिंडे दोन डोसांपेक्षा कमी असतात हे खरे, पण ती पातळी वर्षानुवर्षे टिकून राहते.

वाद घालायचाच तर कोणत्या लसीचा एक डोस, यावर घालावा. त्या भारतीय चाचणीत गार्डासिल ही परदेशी लस होती. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅक या लसीला २०२२ मध्ये भारतात परवानगी मिळाली ती ९ ते १४ वयासाठी दोन डोसांची. एका लसीचा पुरावा दुसरीच्या नावावर खपवता येत नाही, तिने आपला पुरावा आणलाच पाहिजे. खासगी डॉक्टर सर्व्हाव्हॅकचे दोन डोस सांगत असतील तर त्यात फसवणूक नाही. देशी, परवडणारी लस जगभर जावी असे मनापासून वाटते, म्हणूनच हा आग्रह.

गावाकडे काळजी असते ती वीज जाऊन फ्रीजमधली लस तापण्याची. ही लस गोठली तरी कामातून जाते, याकडे कमी लक्ष जाते. गोठल्यावर तिच्यातल्या ॲल्युमिनियमच्या गुठळ्या होतात. डीप फ्रीझरमधला आइसपॅक थेट लस नेण्याच्या कॅरिअरमध्ये टाकला की कडेच्या व्हायल गोठू शकतात. पॅक बाहेर ठेवून घाम सुटू द्यायचा, हलवून आत पाणी खळखळले की मगच भरायचा. सकाळच्या घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते. उष्णतेचा फटका व्हायलवरच्या व्हीव्हीएमच्या, म्हणजे उष्णतेने रंग बदलणाऱ्या खुणेच्या, चौकोनात दिसतो, गोठलेले मात्र त्यात दिसत नाही.

इंग्लंडचेही सगळे आलबेल नाही. कोविडआधी बारा-तेरा वर्षांच्या मुलींचे लसीकरण ८८ टक्क्यांच्या आसपास होते, २०२३-२४ मध्ये ते ७३ टक्क्यांवर आले. पालकांनी नकार दिला असे दर वेळी नसते. कित्येक संमतीपत्रे दप्तरातून परतच येत नाहीत. आपल्याकडे आशाताई दारापर्यंत जातात, ही फार मोठी जमेची बाजू आहे.

एका डोसची सर्वात जास्त गरज ज्या मुलींना आहे त्या मात्र बऱ्याचदा सांगली-साताऱ्यातल्या शाळेच्या पटावर नसतात. दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोड टोळ्या वाळवा, कराडच्या फडात येतात आणि हंगाम संपला की परततात. सहा महिन्यांनी दुसरा डोस त्यांना कोण, कुठे देणार? हंगामाच्या सुरुवातीलाच मुकादमाकडून नऊ ते चौदा वयाच्या मुलींची यादी घ्यावी. टोळी पहाटेच फडात जाते, म्हणून लसीकरणाचे सत्र संध्याकाळी त्यांच्या कोप्यांपाशी (झोपड्यांपाशी) लावावे. मुलीने काही खाल्लेले असावे, तिला बसवून टोचावे आणि अर्धा तास तिथेच थांबवावे, कारण या वयात सुईच्या भीतीने चक्कर येते आणि एक पडली की रांगेतल्या आणखी दोघी-तिघी पडतात. लसीचे नाव, बॅच आणि तारीख लिहिलेले कार्ड आईच्या हातात द्यावे, म्हणजे बीडमधल्या नर्सबाईंना पुन्हा विचारत बसावे लागणार नाही.