पोरांना कुठल्या रांगेत बसवलंत?

घाटावरच्या एका निवासी शाळेने नववी-दहावीच्या मुलांना वरळीच्या डोम स्टेडियममध्ये व्यावसायिक बॉक्सिंगच्या लढती दाखवायला आणलं, आणि तेव्हापासून मुंबईतल्या ओळखीच्या पालकांत दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, एवढी फी भरून पोरांना रक्त बघायला पाठवायचं का? दुसरा म्हणतो, जरा धीट होऊ दे की, हल्लीची मुलं फार नाजूक. दोन्हीकडचं ऐकून माझं डोकं तापतं. मुलं कुठे बसली, किती वाजता उठली, शेजारी बसून त्यांना कुणी काय सांगितलं, हे एकालाही विचारावंसं वाटलेलं नाही.

मी राहतो त्या इंग्लंडात अशी सहल निघायची तर आधी रिस्क असेसमेंट भरावं लागतं. त्यात ‘हिंसा चांगली की वाईट’ असा रकाना नसतो. काय बिघडेल, कुणाचं बिघडेल आणि मग कोण काय करेल, एवढंच लिहायचं. मेट्रनच्या, म्हणजे वसतिगृहात मुलांची तब्येत बघणाऱ्या बाईंच्या, यादीत आकडीचा त्रास असलेलं मूल असेल तर त्याच्या पालकांशी आणि डॉक्टरांशी आधी बोलायचं, कारण खेळाडू रिंगकडे येताना दिवे लखलखतात. रग्बीत नुकताच डोक्याला मार बसलेल्या मुलाला त्या गोंगाटात नेत नाहीत. ज्याला यायचं नाही तो हाउसमध्ये, म्हणजे वसतिगृहात, थांबतो आणि त्याला कुणी चिडवत नाही ना, हे हाउसमास्तर बघतो. आपल्याकडे संमतीपत्रावर सही घेतली की जबाबदारी संपली असं धरून चालतात.

आता रांगेचं. रिंगचा मंच जमिनीपासून तीन-चार फूट उंच असतो. सगळ्यात महाग खुर्च्या खाली सपाटीवर, रिंगला लागून. तिथून मान वर करून बघावं लागतं, मध्ये कोपऱ्याचा खांब आणि कॅमेरावाले येतात. दिसतं कमी, आणि ऐकू येतो तो बरगडीवर बसलेल्या ठोशाचा आवाज. घाम, थुंकी, कधी रक्ताचा थेंबही अंगावर येतो. मुलांना वर चढत्या पायऱ्यांवर बसवावं, बाहेरच्या वाटेजवळ, बारपासून लांब. तिथून पायांची हालचाल दिसते, आणि बॉक्सिंग पायांतच कळतं. लंडनमधल्या बेथनल ग्रीनच्या यॉर्क हॉलची बाल्कनी यासाठी उत्तम. वरळीच्या डोममध्येही वरच्या रांगा आहेत आणि त्या स्वस्त आहेत. शाळेने मात्र ‘रिंगसाइड’, म्हणजे रिंगलगतच्या जागा, म्हणून मिरवलं.

वेळेचंही तसंच. लढती संध्याकाळी सहा-सातला सुरू होतात, मुख्य लढत दहानंतर. तोवर बारसमोर रांग लागलेली असते. मुलांना खरा धोका प्रेक्षकांत होणाऱ्या हाणामारीचा, रिंगमधल्या लढतींचा नव्हे. म्हणून चार फेऱ्यांच्या सुरुवातीच्या लढती आणि मधली एखादी सहा-आठ फेऱ्यांची बघायची, नऊला उठायचं, दारात मोजणी करायची. मुख्य लढत चुकली म्हणून मुलं कुरकुरतात. कुरकुरू द्यावं.

आणि दाखवायचं काय? दोन फेऱ्यांमधलं ते एक मिनिट. स्टूल येतं, माउथगार्ड निघतं, एक घोट पाणी. भुवई फाटली असेल तर कटमन, म्हणजे जखमा सांभाळणारा माणूस, ॲड्रेनालिनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा जखमेत दाबून धरतो आणि वर व्हॅसलिन थापतो. सुजलेल्या गालावर बर्फात ठेवलेली धातूची पट्टी दाबतो. पुढची फेरी सुरू व्हायच्या दहा सेकंद आधी इशारा होतो, खेळाडू येऊन बसेपर्यंतही वेळ जातो, म्हणजे हाताशी फार तर चाळीस सेकंद. तेवढ्यात प्रशिक्षकाला खेळाडूच्या डोळ्यांत बघून ठरवायचं असतं, पुढे पाठवायचं की थांबवायचं. पडलेला खेळाडू लगेच उठला तरी रेफ्री आठपर्यंत मोजतो आणि दोन पावलं पुढे यायला सांगतो. तोल गेला की लढत बंद. लोक हुर्यो करतात. का थांबवली ते मुलांना तिथल्या तिथे सांगणारा मोठा माणूस शेजारी हवा.

एका आईने विचारलंय, हेल्मेट का नव्हतं? हौशी पुरुषांच्या मोठ्या स्पर्धांतूनही 2013 पासून हेल्मेट, म्हणजे हेडगार्ड, गेलं. त्याने कातडी फाटणं कमी होतं, पण कवटीच्या आत मेंदू गरगरतो तो थांबत नाही. ग्लोव्ह्जही मुख्यतः हाताची हाडं वाचवतात.

इथली शिस्त फुकट आलेली नाही. 1991 मध्ये लंडनच्या व्हाइट हार्ट लेनवर ख्रिस युबँकविरुद्धच्या लढतीत मायकल वॉटसनच्या मेंदूत रक्तस्राव झाला. रिंगजवळ श्वास सांभाळण्याची तातडीची सोय नव्हती आणि आधी नेलं त्या रुग्णालयात मेंदूची शस्त्रक्रिया होत नव्हती. तो वाचला, पण कायमचा अधू झाला. त्याने ब्रिटिश बॉक्सिंग नियामक मंडळाला कोर्टात खेचलं आणि 2000 साली अपील कोर्टानेही मंडळालाच जबाबदार धरलं.

तरी या लोकांकडून धीटपणाचे धडे घेण्याची आपल्याला गरज नाही. 1825 मध्ये इंग्लंडच्या ईटन शाळेत दोन मुलांच्या मारामारीत एकाचा जीव गेला, तेव्हा बाकीची मुलं भोवती बघत उभी होती. आपल्या जत्रेत पोरांच्या कुस्त्या आधी लागतात, रेवड्यांवर. हलगी घुमते, खडाखडी होते, पाठ मातीला लागली की संपलं. बापाच्या खांद्यावरून हे बघणाऱ्या पोरावर वाईट संस्कार होतात, असं गिरणगावातल्या तालमीत कुणी म्हटलं नसतं. तेच डोममध्ये, तिकीट लावून, इंग्रजी नावाने आलं की आपण दचकतो.

इथे बसून मुंबईला शिकवणाऱ्या तुझं काय जातंय, असं कुणी म्हणेल. जातंय. फॉर्म कसा भरायचा हे इंग्लंडने शिकवलं, पण कुस्ती कशी बघायची हे इथे कुणी शिकवू शकत नाही. शाहू महाराजांनी 1912 मध्ये बांधून घेतलेलं कोल्हापूरचं खासबाग मैदान खोलगट आहे, शेवटच्या पायरीवरच्या माणसालाही कुस्तीचा हौदा दिसावा म्हणून. इथे वाढणारी आमची मुलं तिथे गेली तर पाहुणी म्हणून बसतील, कधी ओरडायचं हे शेजाऱ्याकडे बघून ठरवतील. ते मला सलतं, आणि म्हणूनच जी पोरं तिथलीच आहेत त्यांना कुणी धड काही न सांगता महागड्या खुर्चीत बसवून आणलं की मी इतका चिडतो.

तेव्हा पालकांनो, पुढच्या वेळी शाळेला लेखी विचारा. रिंगजवळ डॉक्टर किती, रुग्णवाहिका दारात कायम उभी राहणार की एक रुग्ण घेऊन गेली की लढती थांबणार? केईएम आणि नायर दोन्ही वरळीहून जवळ आहेत, पण त्या रात्री मेंदूचा सर्जन कुठे आहे हे आयोजकांनी आधी फोन करून विचारलं आहे का? हाजीअलीचा शनिवार रात्रीचा ट्रॅफिक धरून वेळ काढला आहे का? ज्या आयोजकाला याची उत्तरं देता येत नाहीत, त्याने प्रेक्षकांतल्या मुलांचाही विचार केलेला नसतो. त्याची तिकिटं घेऊ नका.