हात कितीही बसलेला असो, टायर तेच
'वेगमर्यादा कच्च्या चालकांना धरून ठरते, मुरलेल्यांना सूट हवी', हे लेखातलं म्हणणं ऐकायला बरं वाटतं. पण मुरलेला कोण, हे ठरवायचं कुणी? १९८१ मध्ये मानसशास्त्रज्ञ ओला स्वेन्सन यांनी चालकांना स्वतःबद्दल विचारलं, तर अमेरिकी गटातले ९३ टक्के लोक 'निम्म्यांपेक्षा मी सरस' म्हणाले!

बरं, कौशल्य खरं धरलं तरी ते ब्रेक दाबेपर्यंतच. दोन गाड्या शेजारी शेजारी, एक ताशी १०० किमीने, दुसरी १२० ने. दोघांनी एकाच जागी, सारख्याच जोराने ब्रेक मारला, तर पहिली जिथे थांबते तिथे दुसरी अजून ताशी ६६ ने धावत असते. शिवाय समोरचा नवशिका आरशात गाडी लांब बघून निवांत लेन बदलतो, कारण तुमच्या वेगाचा त्याला अंदाजच येत नाही. तुमच्या कौशल्याची परीक्षा त्याच्या चुकीवर!

हां, रस्त्याचं काम संपून महिने झाले तरी रिकाम्या रस्त्यावर ३० ची पाटी तशीच उभी असते, त्याबद्दल मात्र लेखकाशी शंभर टक्के सहमत. अशा पाट्यांमुळेच लोक खऱ्या पाट्याही वाचेनासे होतात.