पार्किंगमधला धंदा

डिसेंबरात नाशिकला सकाळी साडेसहाला माणूस घराबाहेर पडला, तर एक तर त्याला गाडी पकडायची असते, नाहीतर घरात भांडण झालेलं असतं. मी तिसऱ्याच कारणासाठी पडतो. दर बुधवारी कानटोपीवर हेल्मेट चढवून, कोटाला बिल्ला टोचून, गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये मी धंदा वाढवायला जातो. बिल्ल्यावर लिहिलंय, 'पेस्ट कंट्रोल'.

आमच्या क्लबात एका धंद्याचा एकच माणूस घेतात. त्यामुळे नावं कुणी लक्षात ठेवत नाही. "सीए, जरा सरका", "दातवाले, चटणी इकडे द्या", असं चालतं. मला झुरळ म्हणतात. प्रेमानेच म्हणतात. पण अध्यक्षांनी दारातून "झुरळ आलं का?" असं विचारलं की पाहुण्या म्हणून आलेल्या बायका पाय वर घेतात.

ही एकेकाची पद्धत अध्यक्षांनी शोधलेली नाही. शिकागोत 23 फेब्रुवारी 1905 ला पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने एक कोळशाचा व्यापारी, एक खाण इंजिनियर आणि एक शिंपी जमवला. आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत भेटायचे, म्हणून नाव पडलं रोटरी. पुढे 1985 मध्ये कॅलिफोर्नियात इव्हान मिस्नर यांनी एकमेकांना गिऱ्हाइकं द्यायची संघटना काढली, बीएनआय. आमचा क्लब या दोघांपैकी कुणाचाच नाही, घरगुती नक्कल आहे. पण नवीन पाहुणा आला की अध्यक्ष हा इतिहास सांगतातच. तो ऐकताना दरवेळी मला एकच वाटतं. त्या पहिल्या चौघांत एखादा पेस्ट कंट्रोलवाला असता, तर पुढची सगळी भानगड तिथेच लक्षात आली असती.

सुरुवात होते 45 सेकंदांच्या भाषणाने. आपण काय करतो आणि आपल्याला कसलं गिऱ्हाईक हवंय, ते सांगायचं. पहिल्या बुधवारी मी तयारीनिशी गेलो होतो. उभा राहिलो आणि म्हणालो, "स्वयंपाकघरातल्या छोट्या झुरळाची मादी एका वेळी 30 ते 40 अंडी अंगावर घेऊन फिरते." समोर सगळ्यांच्या ताटल्यांत साबुदाण्याची खिचडी होती. पांढरी, फुललेली, दाणा दाणा मोकळा. त्या दिवशी खिचडी इतकी उरली की केटररने डबे भरून घरी नेली. तेव्हापासून माझा नंबर नाश्त्यानंतर लागतो.

मग शुभवार्ता. टेबलावर बिस्किटांचा जुना डबा असतो, त्यात शंभराची नोट टाकायची आणि घरची चांगली बातमी सांगायची. धंद्याचं बोलायचं नाही, हा नियम. दातवाल्यांना नात झाली. टाळ्या झाल्या. ते म्हणाले, "तिला दात यायला सहा महिने आहेत, तोवर तुमचे दाखवून घ्या." सोलरवाल्यांनी आईच्या पंचाहत्तरीची बातमी सुरू केली आणि तीन किलोवॅटला सरकार 78,000 रुपये अनुदान देतं, इथे संपवली. विमावाल्यांनी शंभर टाकून नुसतं म्हटलं, "मी परवा अपघातातून वाचलो." पुढे काहीच बोलले नाहीत. त्या आठवड्यात त्यांच्या दोन पॉलिसी गेल्या. मला आजवरचं हे सर्वोत्तम भाषण वाटतं.

शेवटी येतो फळा. कुणी कुणाला काम दिलं आणि त्यातून किती रुपये झाले, ते उभं राहून जाहीर सांगायचं आणि देणाऱ्याला धन्यवाद म्हणायचं. आकडा लगेच फळ्यावर चढतो. माझ्या नावापुढे दोन वर्षं शून्य आहे, लाल मार्करने. फळ्याचा फोटो ग्रुपवर जातो. तो पाहून बायको म्हणाली, "अहो, एवढ्या थंडीत जाता, तिथे कुणाकडेच झुरळं नाहीत का?"

आहेत. सगळ्यांकडे आहेत. पण ती पार्किंगमध्ये निघतात.

सभा संपली की मी स्कूटरपाशी रेंगाळतो. दोन मिनिटांत खांद्यावर हात पडतो. आवाज खाली गेलेला असतो. "एक विचारायचं होतं. आमच्याकडे नाही हो, शेजाऱ्यांकडे ढेकूण झालेत." शेजारी म्हणजे यांची बेडरूम, हे मी चेहऱ्यावर दिसू देत नाही. इंटिरियरवाल्यांच्या स्वतःच्या शोरूममधल्या नमुन्याच्या कपाटाला वाळवी लागली होती. भिंतीच्या कडेने फूट फूट अंतरावर भोकं पाडून औषध सोडलं, वर पांढरं सिमेंट भरलं. दुपारी गिऱ्हाइकाने विचारलं तर म्हणाले, "वायरिंग चाललंय." सीएंच्या कचेरीत उंदरांनी फायली खाल्ल्या. कुणाच्या, ते विचारू नका म्हणाले, पण 20 तारखेच्या आत उरका. आणि केटरर! त्यांच्याकडे मी रात्री अकराला मागच्या दाराने गेलो, फवारणीचा पंप पिठाच्या गोणीत घालून. आज नाशकातल्या स्वच्छ स्वयंपाकघरांत त्यांचं पहिल्या पाचांत येईल. पण हे मी उभं राहून कसं सांगू?

परवाच्या बुधवारी अध्यक्ष फळ्यापाशी थांबले. "मित्रांनो, आपल्यातल्या एका सदस्याला दोन वर्षांत एक रुपयाचं काम मिळू नये, ही आपल्या सगळ्यांना लाज आहे. झुरळ, तुम्ही स्वतःच सांगा, आम्ही कुठे कमी पडतो?"

हॉलमध्ये चमचे थांबले. दातवाले सांबारात काहीतरी शोधू लागले. सीएंनी फोन कानाला लावला, उलटा. केटरर काउंटरमागे वाकले ते वर आलेच नाहीत.

मी उठलो. खिशातून शंभराची नोट काढून डब्यात टाकली. म्हणालो, "माझी एक शुभवार्ता आहे. माझ्या ओळखीच्या सगळ्या घरांत सध्या सुखाने झोपतात."

टाळ्या इतक्या पडल्या की पाहुण्या बाई चकित झाल्या.

खाली स्कूटरला किक मारतोय तोच अध्यक्ष आले. इकडेतिकडे पाहिलं. "ते दुसरं मारायचं या रविवारीच ना?"

"हो. पहिल्या वेळेला अंडी मरत नाहीत. पंधरा दिवस होतात रविवारी."

"सासूबाई येणारेत. सकाळी लवकर या." ते निघाले, पुन्हा वळले. "आणि स्कूटरवरचं ते झुरळाचं स्टिकर तेवढं झाकून या."