चाळीस वह्या, एकच गाय

चौथीच्या वर्गाला निबंध शिकवायचाय ना? मग आधी मुलांना बोलू देऊ नका. बोलली की त्यांना काहीतरी सांगावंसं वाटतं, आणि सांगावंसं वाटलं की ती लिहायला लागतात. नसती भानगड.

विषय 'माझा आवडता प्राणी'. तो कोणता, हे तुम्हीच ठरवा. गाय बरी पडते. फळ्यावर १० ओळी काढा. 'गाय हा पाळीव प्राणी आहे. तिला चार पाय, दोन शिंगे व एक शेपूट असते.' वर्गातल्या प्रत्येकाने गाय पाहिलेली असली तरी पायांचा आकडा हवाच. शेवटी 'म्हणून मला गाय खूप आवडते', नाहीतर निबंध संपला हे तपासणाऱ्याला कळायचं कसं? ४० वह्यांत एकच गाय आली की तपासायला अर्धा तास पुरतो.

तरी एखादी वही दगा देतेच. 'आमची शेळी पावसाला लई भेती. थेंब पडला की वसरीवर चढती आणी आजीच्या फूलांना तोंड लावती.'

मग आजी काय म्हणाली, असलं चुकूनही विचारू नका. पोरगं आणखी चार ओळी लिहून आणेल. सरळ लाल पेन काढा. 'लई', 'भेती', 'चढती' खोडा. 'आणी'भोवती गोल करून १० वेळा लिहायला लावा, पण कारण सांगू नका. मराठी शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, हा मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांतलाच नियम; 'पाणी', 'गाणी' लिहिणाऱ्याने तोच इमानेइतबारे पाळला. 'आणि' नि 'नि' अपवाद आहेत, हे त्याला कोण सांगणार? 'फूलांना'चंही तेच. मूल-मुलाला, दूध-दुधाला, चूल-चुलीला अशा जोड्या फळ्यावर मांडल्या तर दीर्घाचा ऱ्हस्व कधी होतो ते पोरं स्वतःच शोधतील. मग शिक्षा कुणाला करायची?

पहिल्या खेपेला नुसता मजकूर वाचा, ऱ्हस्व-दीर्घ दुसऱ्या खेपेला बघा, असं सांगणारे भेटतील. पानभर गोल पडले की मूल पुढच्या वेळी खात्रीचे तेवढेच शब्द वापरतं, असंही ते म्हणतील. अहो, तेच तर हवंय! पुढच्या आठवड्यात 'पावसाळा' द्या आणि तीच वही उघडा. 'पावसाळा हा एक ऋतू आहे. पावसाळ्यात पाऊस पडतो.' एकही गोल नाही. १० पैकी १०.

शेळी? असेल कुठेतरी भिजत.